आमचे साडू, विंग कमांडर

माझ्या साडूंचा हेवा न करता ज्याला राहता येईल, तो माणूस संत तरी असेल किंवा त्याला साडूच नसेल. मी जयपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, ते हवाई दलात विंग कमांडर. त्यांची इथे बदली झाली आणि माझ्या संसारात हुद्दे शिरले. सासरे साताऱ्याहून आले की फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वाड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन हा क्रम पाढ्यासारखा म्हणून दाखवत. मी नक्की काय शिकवतो ते मात्र दर खेपेला नव्याने विचारत. बनी पार्कातल्या आमच्याच इमारतीचा चौकीदार साडूंना कडक सलाम ठोकी आणि त्यांच्यामागून पिशव्या घेऊन येणाऱ्या मला विचारी, "भैया, किसके यहाँ जाना है?"

साडूंना स्वतःला हुद्द्यांचं भारी वेड. माझी बायको गवार मोडायला बसली की ते शेंगा पळवून ताटात बाहीवरच्या पट्ट्या मांडत. दोन जाड आणि मधे एक बारीक म्हणजे स्क्वाड्रन लीडर, तीन जाड म्हणजे ते स्वतः. मग चौथी शेंग हळूच शेजारी सरकवून म्हणत, "आणि हा ग्रुप कॅप्टन, प्रोफेसर." त्या चौथ्या शेंगेकडे ते असे बघत की माझी भूकच जाई. जेवायला बसतानाही ज्येष्ठता पाळायची. माझ्याच घरी माझं पान चौथं.

गेल्या हिवाळ्यात बढतीच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण मात्र ग्रुप कॅप्टन झाला. मेव्हणीने फोनवर सांगितलं, तेव्हा मला आतून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं सी-स्कीम भागातल्या एका दुकानात कचोरी खात होतो, तर तोच गृहस्थ सहकुटुंब आत आला. साडू प्लेट ठेवून ताडकन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "जय हिंद, सर." तो बिचारा ओशाळून "सर, आप बैठिए ना" म्हणत राहिला. हे बसले नाहीत. त्याची पाठ वळल्यावरच बसले आणि उरलेली कचोरी शांतपणे संपवली.

गाडीत मी विचारलं, वाईट नाही वाटलं?

"वाटलं की," ते म्हणाले. "म्हणून तर जरा जास्तच ताठ उभा राहिलो."

माझा एक विद्यार्थी आमचा विभागप्रमुख झाला, त्याला वर्ष होत आलं. तो समोरून आला की मी अजून जिन्याकडे वळतो. त्या दिवशी साडूंच्या शेजारी बसून मला त्यांचा जितका हेवा वाटला, तितका त्यांच्या गणवेशाचाही कधी वाटला नव्हता.

महिन्यापूर्वी त्यांची बदली आसामला झाली. आता रविवारी आमच्याकडे कुणी येत नाही. घरात पहिलं पान माझंच असतं, पण जेवण लवकर आटोपतं.