परत येण्यास हरकत नाही

आमच्या गल्लीतल्या पिंजारी चाचांना दोन सरकारांनी कराचीत अडकवून ठेवलं, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. त्यात माझाही हात होता. तो भाग मी नेहमी गाळला. आता वय झालं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

एकोणपन्नास साल. कोल्हापूर संस्थान नुकतंच मुंबई इलाख्यात विलीन झालं होतं आणि दरबारचे आम्ही कारकून नव्या सरकारचे कारकून झालो होतो. मुंबईहून इंग्रजी परिपत्रकं यायची. वर 'वाचून सही करावी' असा शिक्का असायचा. मी सही करायचो, वाचायचो नाही.

चाचा माझ्या शेजारच्या घरात राहत. गाद्या-उशांचा कापूस पिंजून देत. घरात चाची आणि दहा वर्षांची मुलगी. चाचांची एकुलती एक बहीण नवऱ्याबरोबर कराचीला गेली होती. तिथं ती विधवा झाली आणि अंथरुणाला खिळली. तिचं पत्र येताच चाचांनी मुंबई गाठली, पाकिस्तानच्या कचेरीतून तिकडे जायचा परवाना काढला आणि बोट सुटायच्या चार दिवस आधी कोल्हापूरला परतून माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले. त्या दुपारी खासबागेत मोठ्या कुस्त्या होत्या. मी दप्तर बांधून निघालोच होतो.

"सायेब, कराचीला निघालोय. तिकडचा परवाना घावला. आता हितला काय कागुद लागतोय व्हय?"

"कशाला लागतोय? पळून चाललाय का तुम्ही? हरकत नाही, जा की."

"बघा हं. नक्की न्हाय लागत न्हवं? मागनं लफडं नगं."

शेजारचा कारकून ओरडला, "आवं चाचा, सायेब हरकत नाही म्हणालं न्हवं? सुटा आता. येताना कराचीचा हलवा आणा!"

"आणतो की. पर तुमच्या टेबलावर ठिवला तर निकाल लागाय वरीस जाईल," चाचा म्हणाले आणि हसत गेले.

बहीण महिन्याभरात वारली. चाचा परतीच्या परवान्यासाठी तिथल्या भारताच्या कचेरीत गेले, तेव्हा त्यांच्याकडे एक दाखला मागितला गेला. 'परत येण्यास हरकत नाही', असा. तो इथून निघण्याआधीच जिल्ह्याच्या कचेरीकडून, म्हणजे आमच्याकडून, घ्यायचा होता. चाचा त्यांना म्हणाले, "आमच्या सायबानं हरकत न्हाय म्हटलंय की!" कागद कुठाय, असं विचारून त्यांनी चाचांना परत पाठवलं. हे मला पुढे चाचांकडूनच कळलं.

चाची त्यांचं पत्र घेऊन माझ्याकडे आली. सायबांकडून हरकत नसल्याचा दाखला घेऊन पाठव, एवढंच त्यात होतं. मी कचेरीत जाऊन परिपत्रक शोधलं. खाली माझी सही होती. माणूस एकदा देशाबाहेर गेल्यावर असा दाखला देता येत नव्हता. मी चाचीला तसं सांगितलं.

"मग आदी इचारलं न्हाय व्हय त्येनं?"

"नाही," मी म्हणालो.

कचेरीत तेव्हा माणसं कमी करायचं चाललं होतं, माझं लग्न ठरलं होतं. पण चाची काही माझी वरिष्ठ नव्हती. तिच्यापुढे खोटं बोलायची काय गरज होती, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या वर्षी दोन्ही पंतप्रधानांनी दिल्लीत करार केला. चाची माझ्याकडून वर्तमानपत्र वाचून घ्यायची. "मोठी माणसं बोलाय लागली म्हंजी आमचं बी हुईल की," म्हणायची. आणि खरोखर, चाचांचा अर्ज कराचीहून दिल्ली, दिल्लीहून मुंबई करत कोल्हापूरला आला. रोज भांडणारी दोन सरकारं एका पिंजाऱ्यापायी एकमेकांना पत्रं लिहीत होती. तो अर्ज शेवटी माझ्याच टेबलावर आला. एकच प्रश्न होता: जाण्यापूर्वी अर्जदाराने आपल्या कचेरीत विचारणा केली होती काय?

मी लिहिलं, 'तशी नोंद आढळत नाही.' नोंद खरोखरच नव्हती. अर्ज नामंजूर झाला.

चाची वाकळा शिवून घर चालवू लागली. मुलीचा अभ्यास मी घेत असे. "सायेब म्हंजी देवमाणूस," असं चाची गल्लीभर सांगायची, आणि मी ते ऐकून घ्यायचो.

पंचावन्न साली चाचा आले. पाकिस्तानचा पासपोर्ट आणि तीन महिन्यांचा व्हिसा. पोलीस ठाण्यात हजेरी होती. तिथल्या हवालदाराच्या लग्नातली गादी चाचांनीच भरलेली.

"या पावणं! घरला आलाय का परदेशाला?"

"त्येच तर इचारायला आलोय तुमास्नी," चाचा म्हणाले. हवालदारानं चहा मागवला.

एका सकाळी ते अंगणात कापूस पिंजत होते. मी जवळ जाऊन बसलो.

"चाचा, तुम्ही मला विचारलं होतं. मी तसं लिहिलं नाही."

धनुकली थांबली नाही. "ठावं हाय. तिकडं वाचून दावलं मला."

"चाचीला का नाही सांगितलं?"

"तिला हितं ऱ्हायाचं हुतं न्हवं, तुमच्या शेजारला. तुमचाच तर आधार हुता. माझ्यावर चिडली तर काय, मी लांब हुतो."

परत जाताना ते चाचीला आणि मुलीला घेऊन गेले. त्या दोघींच्या पासपोर्टाचे अर्ज मीच भरले होते. स्टेशनवर चाचीला रडू आवरेना. गाडीच्या दारात उभी राहून ती चाचांना टाकून बोलत होती, "तवा नीट इचारून गेला असतास तर ही येळ आली असती व्हय? अडाणी माणूस!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते तिला म्हणाले.

मी वळकटी आत सरकवली. एवढा वेळ होता की चार शब्द सहज बोलता आले असते. बोललो नाही.

चाचा-चाची आता नसणार. मुलगी असली तर सत्तरीला आली असेल, कदाचित मराठी वाचतही असेल. बाळ, तुझे वडील न विचारता गेले नव्हते. त्यांनी दोनदा विचारलं होतं, आणि ते मलाच.