बाईंची ओळखपरेड

माणसाचा चेहरा ओळखण्यात माझ्या आतेसासूबाईंइतकं सातत्यानं चुकणारं माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरं नसेल, आणि चुकून इतकं ठणठणीत राहणारं तर नाहीच नाही. डोळ्यांत दोष म्हणावा, तर पेपरातली बारीक अक्षरं त्या चष्म्याशिवाय वाचतात. जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळं संविधानाची कलमं तोंडपाठ. चेहरे तेवढे डोक्यात टिकत नाहीत. आमच्या लग्नात त्यांनी मला बाजूला घेऊन वरणात मीठ कमी असल्याचं सुनावलं होतं. मी नवरदेवाच्या कपड्यांत होतो, तरी त्यांना केटरर वाटलो. एकदा पैठणच्या स्टँडवर एका बाईला मावसबहीण समजून त्यांनी मिठी मारली आणि गाडी लागेपर्यंत घरादाराची चौकशी केली. ती बाई मावसबहीण नव्हती, पण तिचा अजून फोन येतो आणि सख्ख्या मावसबहिणीचा येत नाही.

दुसरी सवय म्हणजे कुणी काही मना केलं, की विचारायचं, "कोणत्या कायद्यानं?" सोसायटीनं लिफ्टमध्ये कुत्रा आणू नये अशी पाटी लावली, तेव्हा आत्यांनी चेअरमनला आठवडाभर पळवलं. आत्यांकडं कुत्रा नाही. त्यांना मांजरसुद्धा चालत नाही.

गेल्या वर्षी एका साखरपुड्याला निघालो होतो. गारखेड्यातून आत्या कुठंही जायच्या तर रशीदभाईंच्या रिक्षातून. दुसऱ्या रिक्षात त्या बसत नाहीत. चौकात बंदोबस्त होता. एक तरुण शिपाई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरून फोटो काढत होता. रशीदभाईंचा काढला आणि मोबाईल वाजला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मंगळसूत्रचोराशी चेहरा जुळत होता म्हणे. "बाई, मैं नै किया कुछ," एवढंच रशीदभाई कसेबसे म्हणाले. शिपायानं त्यांना चौकीकडं चालवलं आणि पाठोपाठ आत्या निघाल्या. पेढ्यांचा पुडा सांभाळत मी त्यांच्या मागं.

आयुष्यात पहिल्यांदा चौकीची पायरी चढत होतो. भीती होतीच, पण खोटं कशाला सांगू, मजाही वाटत होती. वादळ कुठल्या घरावर आदळणार हे आधीच ठाऊक असावं तसं. आत टेबलामागं फौजदार बसले होते. आत्या त्यांच्याकडं बघून एकदम खुलल्या.

"अरे, तू शिंद्याचा ना? सातवी ब? लई मोठा झालास की."

फौजदार हसले. "नाय बाई, मी नांदेडचा. तुमच्या शाळेत नव्हतो." मग त्यांनीच खुर्ची पुढं केली.

आत्या बसल्या. रशीदभाई भिंतीला लागून उभे होते. त्यांच्याकडं बोट करून आत्यांनी विचारलं, "याचा फोटो कोणत्या कायद्यानं काढला?"

फौजदार म्हणाले, पोलिसांना अंगाची मापं आणि फोटो घ्यायचा अधिकार आहे. आत्या म्हणाल्या, आहे ना, अटक केलेल्याचे, शिक्षा झालेल्याचे. हा अटकेत आहे का? असेल तर कारण लेखी द्या. नसेल, तर रस्त्यानं जाणाऱ्याचं तोंड मोबाईलला जोडायचं कलम दाखवा. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, ते मी पोरांना फळ्यावर लिहून दिलंय. फौजदार कंटाळून म्हणाले, "बाई, मशीन सांगतंय जुळतंय म्हणून. आम्ही काय करावं?"

तेव्हा आत्या म्हणाल्या,

"आत्ता मी बी तुमचा चेहरा जुळवला. चुकला. तुम्ही हसलात आन् मला खुर्ची दिली. मशीननं याचा चेहरा जुळवला, तर याला भिंतीला उभं केलंत. मशीन माझ्यापेक्षा शहाणं हाय, हे कुणी तपासलं?"

फौजदार तसा भला माणूस. रशीदभाईंना बाकावर बसायला सांगून त्यांनी त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या ठाण्याला फोन लावला. पलीकडून काही उत्तर आलं आणि त्यांचे कान लाल झाले. तो चोर केव्हाच तुरुंगात होता. यादीत मात्र अजून फरारच होता. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मी पुडा सोडून चौकीभर पेढे वाटले. साखरपुड्याला आम्ही हात हलवत पोचलो. फौजदारांनी चुकीच्या ओळखीबद्दल आत्यांची नव्हे, रशीदभाईंची माफी मागितली, हे मला फार आवडलं.

शिंद्याचं प्रकरण खरं होतं की बाईंचा डाव होता, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "दिसतो मात्र अगदी तसाच."

शिपायानं आपल्या मोबाईलमधला फोटो आमच्यादेखत पुसला. वरच्या कार्यालयातल्या संगणकातला पुसणं त्याच्या हातात नव्हतं. त्यासाठी आत्यांनी अर्ज केला, मग स्मरणपत्र, मग अपील. अजून उत्तर नाही.

रशीदभाई हल्ली त्या चौकातून जात नाहीत. अलीकडच्या गल्लीत वळतात आणि शाळेमागून, खड्ड्यांतून, लांबच्या वाटेनं नेतात. परवा मी म्हटलं, इकडून फार लांब पडतं. समोर रशीदभाईंची मान जराशी ताठ झाली. आत्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि त्या अगदी हळू म्हणाल्या, "पडू द्या, जावई. आपल्याला कुठं घाई हाय."