कल्ल्यात घातलेली बोटं

दमयंती तांडेल हिला गावात सगळे ओळखतात, पण तिचं पूर्ण नाव घेणारा माणूस एकच, मरे नावाचा म्हातारा मेंढरंवाला. बाकीच्यांनी पहिल्याच आठवड्यात नावाची काटछाट करून ‘डी’ करून टाकलं. मरेने मात्र ते कागदावर लिहून घेतलं, फ्रिजवर चिकटवलं आणि आठ दिवस मेंढरांना चारा घालताना मोठमोठ्याने घोकलं. नवव्या दिवशी तिच्या दारात येऊन तो “मॉर्निंग, दमयंती” असं इतकं स्वच्छ म्हणाला, की अलिबागजवळच्या थेरोंड्यातल्या तिच्या मामालाही ऐकून बरं वाटलं असतं. याला आता चौदा वर्षं झाली. असल्या गोष्टी विसरणाऱ्यांपैकी दमयंती नव्हे.

गाव न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एका रुंद, गोट्यांनी भरलेल्या नदीच्या मुखाशी. नाव मुद्दामच सांगत नाही. तिथले लोक कशावरूनही भांडतात, त्यात माझी भर नको. दोनशे घरं, एक हॉल, एक पब आणि एक डेअरी, म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. दमयंती तिथली नर्स. घरोघरी गाडीने फिरून कुणाची जखम बांधायची, कुणाला इन्सुलिन द्यायचं आणि सगळ्यांचं ऐकून घ्यायचं. शेवटच्या कामाचा पगार मिळत नाही, पण अर्धा दिवस त्यातच जातो.

ती आली तेव्हा जुलै होता, म्हणजे तिकडचा कडाक्याचा हिवाळा. नवरा रणजित बोटीवर, कुठेतरी ब्राझीलच्या वाटेला. सोबत सहा वर्षांची आरुषी. भाड्याच्या घरात लाकडाची शेगडी होती. चुलीपुढे वाढलेल्या कोळ्याच्या पोरीला शेगडी पेटवणं ते काय अवघड, अशा तोऱ्यात दमयंतीने ओली लाकडं आत कोंबली. घरभर धूर झाला, छतावरची धुराची घंटा कोकलायला लागली, आरुषीने भोकाड पसरलं आणि थोड्या वेळाने आईनेही. तेवढ्यात दारात दोन उंच माणसं उभी राहिली, मागे सुक्या लाकडांनी भरलेला ट्रेलर. एक मरे, दुसरा कीथ. मरे लाकडं रचायला लागला आणि कीथ त्याच्या मागे उभा राहून तो कसा चुकीचं रचतोय ते सांगायला लागला. तो सगळा हिवाळा ते असे जोडीनेच येत राहिले. मरेने आरुषीला शाळेतून आणलं, कीथने दमयंतीला बर्फ धरलेल्या रस्त्यावर गाडी हाकायला शिकवलं, आणि दोघांनी मिळून एकमेकांच्या चुका काढल्या. परक्या मुलखात एक बाप मिळणं मुश्कील. दमयंतीला एकदम दोन मिळाले, दोन्ही भांडखोर.

आणि अशा या जोडीचं तीन वर्षांपूर्वी फाटलं. कारण सॅमन.

हा मासा समुद्रात वाढतो, अंडी घालायला जन्माच्या नदीत परत येतो आणि अंडी घालून मरतो. त्या नदीत पूर्वी हजारोंनी यायचा, आता बोटांवर मोजण्याइतका. मग नियम आला: एका माणसाने मोसमात एकच सॅमन धरायचा, आणि मार्चनंतर तोही नाही. हॉलमधल्या सभेत मरे उभा राहून तावातावाने म्हणाला, “शेतांना पाणी उपसून नदी आटवलीत, समुद्र तापला, आणि बंदी कुणावर, तर माझ्या गळावर?” टाळ्या पडल्या. मग मत घेतलं, आणि बंदीच्या बाजूने पहिला हात वर झाला तो कीथचा. एवढ्यावर कदाचित मिटलंही असतं. पण पुढे कीथ नदीचा मानद पहारेकरी झाला आणि एके दिवशी काठावर मरेपुढे जाऊन उभा राहिला. “लायसन्स दाखवता का, सर?” पन्नास वर्षांच्या दोस्तीनंतर ‘सर’! मरेने लायसन्स दाखवलं, गळ गुंडाळला आणि घरी गेला. त्यानंतर दोघांत एक शब्द नाही.

दमयंतीची मात्र पंचाईत झाली. आठवड्यातून दोनदा मरेच्या पायाची जखम बांधायची आणि तीनदा कीथची साखर तपासायची. मरे छताकडे बघत विचारी, “त्या माणसाच्या धुराड्यातून धूर येतोय का?” कीथ खिडकीबाहेर बघत म्हणे, “त्याला सांग, शेडचं दार उघडंच राहिलंय. म्हणजे मी सांगितलं असं नको सांगूस.” एका घरातलं दुसऱ्या घरात नेणं नर्सच्या धर्मात बसत नाही. ती नुसती मान डोलवायची आणि गाडीत बसल्यावर दोघांनाही कोळी भाषेत मनसोक्त शिव्या घालायची.

खरं सांगायचं तर नियमाच्या बाबतीत ती कीथच्या बाजूची होती. तिच्या बापाने पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय पाण्यात लोटली नाही. घरात सुकटीवर दिवस काढले, पण गाभोळीच्या दिवसांत, म्हणजे मासळीच्या पोटात अंडी असताना, जाळं नाही. तरी हे मरेला सांगायला तिची जीभ कधी रेटली नाही. ज्याच्या लाकडांवर पहिला हिवाळा काढला, त्याला कुठल्या तोंडाने शहाणपण शिकवायचं?

यंदा फेब्रुवारीत मरेने सांगितलं की तो घर विकून उत्तर बेटावर टौरंगाला मुलीकडे चाललाय, कायमचा. वय त्र्याऐंशी, हृदय थकलेलं, पायाची जखम भरत नाही. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी विमान. दमयंती गाडीत बसून ढसाढसा रडली. तो परत येणार नव्हता, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि कीथशी न बोलता गेला, तर मागे राहिलेल्या एकोणऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्याचं काय होईल, हेही. जाण्याआधी दोघांनी एकदा, फक्त एकदा तोंड उघडावं, एवढंच तिला हवं होतं.

तिने फोनवर आरुषीला सांगितलं. आरुषी आता लोअर हट नावाच्या शहरात नोकरी करते, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्रजी. “मम्, दे आर लाइक एटी. लेट देम बी.”

“ऐंशीचे आहेत म्हणूनच म्हणतेय ना गो,” दमयंती म्हणाली.

मार्चच्या शेवटच्या रविवारी, मरेच्या विमानाच्या चार दिवस आधी, गावात स्पर्धा ठरली. सभांमधल्या आरडाओरड्याला कंटाळून शाळेच्या बाईंनी ती काढली होती. नियम असा, की मासे धरायचे ते लहान पोरांच्या खेळण्यातल्या गळाने: हातभर लांबीची प्लास्टिकची काठी, गुलाबी नाहीतर जांभळी, वर चमचमणारे तारे आणि शिंगवाले घोडे. धरायचा तो काहावाई, समुद्रातून मुखाशी येणारा साधा मासा. चुकून सॅमन लागलाच तर ओल्या हाताने, पाण्यातल्या पाण्यात सोडायचा. त्यावर नजर ठेवायला कीथ. आणि लांबी मोजायला दमयंती, कारण दोन्ही तट विश्वास ठेवतील असं गावात दुसरं कुणी नव्हतं. तिने नियमांचा कागद तीनदा वाचला.

स्पर्धेचा दिवस उजाडला आणि काठावर जे दिसलं त्याने हसून हसून तिचं पोट दुखायला लागलं. छातीपर्यंत दाढ्या असलेले आडदांड गडी, ट्रॅक्टर हाकून राठ झालेल्या हातांत गुलाबी काठ्या. सभेत एकमेकांच्या अंगावर धावून गेलेले त्यांच्यातले दोघे शेजारी शेजारी उभे राहून कुणाचा घोडा जास्त गोड यावर वाद घालत होते. मरे जांभळा गळ घेऊन आला होता. आरुषीला सहा वर्षांची असताना त्यानेच घेऊन दिलेला आणि त्यावरच मासे धरायला शिकवलेलं. पन्नास पावलांवर कीथ हाताची घडी घालून उभा. दोघं एकमेकांकडे न बघण्यात इतके गुंतले होते, की दुसरं काही करायला त्यांना सवडच नव्हती.

अकराच्या सुमाराला मरेची काठी कमानीसारखी वाकली. दोरी गुंडाळायची फिरकी किंचाळली आणि तुटून गोट्यांवर पडली. “दोरी हातात घे!” कुणीतरी ओरडलं. मरेने दोरी मनगटाला गुंडाळली आणि एक एक पाऊल मागे सरत, दम खात, तो वीस मिनिटं झुंजला. मदतीला धावलेल्यांना त्याने नजरेनेच मागे लोटलं. शेवटी उथळ पाण्यात चांदीसारखी पाठ लखलखली. सॅमन. मादी, हातभराहून मोठी, पोट फुगलेलं. सगळ्यांच्या नजरा एकदम कीथकडे वळल्या.

दमयंती जाळी घेऊन धावली. जाळी पुरेना. मासळी गोट्यांवर आपटायला लागली, आणि त्या क्षणी दमयंतीच्या हातांनी दमयंतीला विचारलं नाही. तिची आई कमलाबाई अलिबागच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकत बसली. मासळी हातात आली की आधी काय करायचं हे पोरीने चालायच्या आधी शिकलेलं. दोन बोटं कल्ल्यात घातली, मासळी उचलून उभी धरली, कल्ला उघडून आतला लालभडक रंग सगळ्या गावाला दाखवला आणि ती मोठ्याने म्हणाली, “ताजी हाय गो! गाभोळीची!”

 मग तिला बोटांवरून मनगटाकडे ओघळणारं रक्त दिसलं. सोडायच्या मासळीच्या कल्ल्याला हात लावायचा नसतो. मासळीचा श्वास तिथे असतो. कागदावर ते ठळक अक्षरांत होतं. तिने तीनदा वाचलं होतं.

“पाण्यात ठेव तिला!” कीथ ओरडला आणि बुटांसकट नदीत शिरला. मरे आधीच गुडघाभर पाण्यात होता. त्याने दमयंतीच्या हातून मासळी घेतली, शेपूट घट्ट धरली, पण पोटाला आधार द्यायला त्याचा दुसरा हात पोचेना आणि पाय लटपटायला लागले. मासळी आडवी पडली, पोट वर. कीथने खाली वाकून दोन्ही तळवे तिच्या पोटाखाली सरकवले.

“तोंड धारेकडे कर,” मरे म्हणाला.

“धारेकडेच आहे.”

“ही धार? आंधळा आहेस का?”

“करवतीसारखी पुढे-मागे काय करतोस? स्थिर धर! पाणी आपोआप जाईल कल्ल्यातून.”

“मी सॅमन सोडत होतो तेव्हा तू शाळेत होतास.”

“तू सोडलीस कधी? सगळ्या तर खाल्ल्यास!”

दमयंती मरेच्या मागे पाण्यात उभी राहून त्याचं जाकीट दोन्ही मुठींत धरून होती, तो कोसळू नये म्हणून. बर्फाचं पाणी होतं, पाय बधिर झाले होते. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ही एवढी अंडी घेऊन समुद्रातून आलेली, आणि आपण बाजारातली बाई होऊन तिचा गळा धरला. आई एकवीरे, हिला जगव, असं म्हणून तिने नवस बोलायला तोंड उघडलं, पण कोंबडीचा बोलावा की नारळाचा ते ठरेना, कारण मध्येच तिच्या ध्यानात आलं की समोर काय चाललंय. तीन वर्षं ज्यांनी एकमेकांना हाक मारली नव्हती ते दोघे डोक्याला डोकं लावून कचाकचा भांडत होते. पहिल्या हिवाळ्यात भांडायचे तसेच, अगदी त्याच सुरात. ती रडायला लागली आणि हसायलाही लागली, आणि मरे मागे न बघता म्हणाला, “दमयंती, हलू नकोस, मासळी बिथरते.”

दहा मिनिटं गेली असतील. काठावर ते सगळे दाढीवाले गुलाबी गळ खाली करून उभे होते. मग कीथ हळूच म्हणाला, “श्वास घेतेय.” कल्ले उघडत-मिटत होते, रक्त थांबलं होतं. मासळीने एकदा पाठ ताणली. “अजून नको,” मरे म्हणाला. “हो, अजून नको,” कीथ म्हणाला. आणि त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत व्हायचा अवकाश, तिने शेपटीचा असा तडाखा दिला की दोघांची तोंडं भिजली. ती गेली, धारेच्या विरुद्ध, वर.

मरेने बाहीने तोंड पुसलं. “एवढी थोरली मला सात वर्षांत लागली नव्हती,” तो म्हणाला. “जाऊ दे. वर जाऊन घालू दे अंडी.”

दमयंतीने दोघांना गाडीच्या मागच्या फळीवर बसवलं, ब्लँकेटं गुंडाळली, आणि कुणी काही म्हणायच्या आत खाली बसून त्यांचे बूट-मोजे काढायला लागली. मरेचं ड्रेसिंग पार भिजलं होतं, ते तिने नव्याने बांधलं. “माझ्यामुळे झालं हे,” ती म्हणाली. “मला माफ करा.”

“स्वीट अ‍ॅज,” मरे म्हणाला, म्हणजे तिकडच्या बोलीत ‘काही हरकत नाही’. “हा माणूस एरवी पाण्यात उतरलाच नसता.”

कीथने घसा खाकरला. “लायसन्स मागितलं त्या दिवशी,” तो पायांकडे बघत म्हणाला, “मी ‘सर’ म्हणायला नको होतं.”

“नकोच होतं.”

“हं.”

दमयंतीने मान वर केली नाही. कीथची पावलं तिने टॉवेलने खसखसून पुसली, मग मरेची, मग उगाचच पुन्हा कीथची. या चार पावलांनी तिच्या दारात लाकडं आणली होती, आणि आज ती आपल्या हातांत आहेत, हे आपलं केवढं नशीब, असं तिला भरून आलं.

“गुरुवारी विमान किती वाजता?” कीथने विचारलं.

“आठला. मुलीने टॅक्सी सांगितलीय.”

“टॅक्सी? जन्मात बसलायस कधी टॅक्सीत? पाचला येतो, तयार राहा.”

“साडेचारला ये,” मरे म्हणाला. “तू फार हळू चालवतोस.”