राईचा दगडी गोळा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, यांच्याइतका चिवट माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, असं मी आजही पैजेवर सांगेन. मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी भाईंदरच्या एका मिठागरावर कारकुनाची. त्या काळात, म्हणजे साठ-पासष्टच्या सुमारास, भाईंदर म्हणजे स्टेशन, मीठ आणि डास. इथे एक संग्रहालय हवं, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. भावोजींच्या आलं, आणि त्यांच्या एकदा मनात आलं की मग ब्रह्मदेवाचाही इलाज नसे. भाईंदरातच गोडदेवला त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. त्यातली बाहेरची खोली त्यांनी संग्रहालयाला दिली. आतली संसाराला राहिली, तीही ताई पदर खोचून उभी राहिली म्हणून. पाहुण्याला बसायला खुर्ची नसे, कारण खुर्चीवर फुटका रांजण बसलेला असे. "एक दिवस माझ्यावरही चिठ्ठी डकवाल," ताई म्हणायची. भावोजी गंभीरपणे म्हणायचे, "तुझी गोष्ट मला ठाऊक आहे. चिठ्ठीची गरज नाही."

कारण त्यांचा नियमच तसा होता. गोष्टीशिवाय वस्तू घ्यायची नाही. कुणाची, कशासाठी, कुठे सापडली, याची ते अशी उलटतपासणी घेत की देणारा घामाघूम होई. एकदा शेजारच्या आळीतल्या एका गृहस्थांनी वसईच्या लढाईतली म्हणून तलवार आणली. भावोजींनी ती नखाने खरवडली, तर चंदेरी रंग निघाला आणि खाली पत्रा. "ही नाटकातली आहे," भावोजी म्हणाले, "कोणत्या प्रवेशात वाकली तेवढं खरं सांगा, म्हणजे ठेवतो." गृहस्थांनी शरमून सांगितलं, आणि 'गणपतीच्या नाटकातली तलवार, राजा अंगावर पडल्याने वाकली' अशा सुवाच्य अक्षरांतल्या चिठ्ठीसह ती भिंतीवर लागली.

पण त्यांचा खरा जीव जडला होता राई गावातल्या एका दगडी गोळ्यावर. खाडीकाठच्या एका म्हाताऱ्या कोळणीच्या घरी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो दाराशी लावलेला असे. भावोजींनी तो पाहताक्षणी ओळखलं: तोफेचा गोळा! म्हातारीने ओळखलं: हा माणूस आता सोडणार नाही. "न्हाय देनार," ती म्हणाली. भावोजी पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. पावसात गेले, तापात गेले, एकदा तर मलाही घेऊन गेले. किल्ला, तोफा, गलबतं असा सगळा इतिहास ते तिला रंगवून सांगत, आणि ती सुकट निवडत मुकाट ऐके. असं दीड वर्ष चाललं. शेवटी एके सकाळी ती म्हणाली, "न्या सायब. पन सांबाळा."

गोळा संग्रहालयाच्या मधोमध विराजमान झाला. पुढे मुंबईच्या एका मोठ्या संग्रहालयातले जाणकार भावोजींनी पत्रांचा मारा करून बोलावले. त्यांनी गोळा फिरवला, मधल्या खाचेवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "तोफेचा नाही हो. ही दोर बांधायची खाच. जाळ्याचं वजन आहे हे."

भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन थेट राईला. "बाय, तो तोफेचा गोळा नाही!"

"मंग मी कवा बोलली तोफेचा म्हनून?" म्हातारी म्हणाली. "तुमीच बोलत व्हता. मला कोनी इचारलंच न्हाय."

भावोजींचा चेहरा मी विसरणार नाही. साऱ्या गावाची उलटतपासणी घेणारा हा माणूस इथेच नेमका विचारायचा राहून गेला होता. ते खाली ओट्यावर बसले, खिशातून कागद-पेन्सिल काढली आणि म्हणाले, "चुकलो. आता सांगा."

ती खाच तिच्या नवऱ्याने स्वतः छिन्नीने पाडली होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी. पुढे होडी वादळात गेली, तोही गेला. दुरुस्तीला म्हणून घरी आणलेल्या जाळ्याचं हे एक वजन तेवढं राहिलं.

"मग दिलंत कशाला? मी परत आणून देतो."

"नको. घरात आता कोन बगतंय त्याला? तुमी दर आयतवारी त्याच्यासाठी येत व्हता. बरं वाटायचं."

"नाव काय त्यांचं? चिठ्ठीवर लिहायला हवं."

म्हातारीने आत सुनेकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? सुनेला विचारावं, तर तीही सासऱ्याचं नाव घेईना. भावोजी हलले नाहीत. ऊन ओट्यावर आलं, आम्हाला दोनदा चहा झाला. शेवटी ती खाडीकडे तोंड करून म्हणाली, "शनवारी रुईची माळ कोनाला घालतात? त्येच."

भावोजींनी लिहिलं, मारुती.

आता भावोजी नाहीत. राईतल्या शेतांवर इमारती उभ्या राहतायत, आणि ताईने ती खोली कधीच रिकामी केली. पण मला आठवते ती त्यानंतरची एक दुपार. म्हातारी स्वतः चालत गोडदेवला आली होती. वाचता येत नसल्यामुळे चिठ्ठीपुढे नुसती उभी राहिली. मग भावोजींनी ती मोठ्याने, सावकाश वाचून दाखवली. आणि नाव आलं तेव्हा, जणू तो खरंच दारातून आत आला असावा तसा, तिने चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला.