बकरीवाल्या बाईचे तारे

चंद्रपूरच्या तुकूममध्ये गिरजाबाई निमगडे यांचं नाव काढलं की बाया अजून पदराआड हसतात. हसायला काय जातं! चैतातल्या त्या दिवसांत गिरजाबाईंच्या घरात मात्र कोणी हसत नव्हतं. सासू आणि सून, दोघी एका छताखाली, आणि दोघींच्या मध्ये एक आकडा बसलेला. तीन पॉइंट एक.

आकड्याचं मूळ सांगायला हवं. गिरजाबाईंचा सारा जन्म पोंभुर्ण्याकडच्या एका जंगलगावात अंगणवाडी चालवण्यात गेला. निवृत्त झाल्या, गुडघे गेले, म्हणून सुनेकडे शहरात आल्या. मुलगा अश्विन अहेरीच्या पलीकडे खाणीत कामाला. मोटारसायकल तिकडेच, महिन्याकाठी दोन दिवस घरी. घरात धड फोन एकच, तो सून खुशबूचा. सासूला दवाखान्यात जायचं असो की विहारात, खुशबू फोनवरून गाडी मागवून द्यायची आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालायची. वनरक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास चालला होता तिचा. वयाची अट संपत आलेली. ही भरती हुकली की वर्दीचं नाव काढायचं नाही.

गिरजाबाई गाडीत बसायच्या त्या आपल्या सवयीने. आणि सवय कोणती, तर काळी-पिवळी जीपची. गावाकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही. म्हणून आधी जीपवाल्याला हाक मारून ठेवायची, मग घरात जाऊन सावकाश आंघोळ करायची, भाकर खायची. इथेही तेच. गाडी दारात येऊन उभी की गिरजाबाई न्हाणीत. जीपचं दार सगळा जोर लावून आपटल्याशिवाय लागत नाही. ते इथेही आपटायच्या, साऱ्या गल्लीला कळायचं. आणि तिसरी सवय अशी, की रस्त्याने कोणी पायी दिसला की ड्रायव्हरच्या पाठीवर थाप.

"थांब बाबू. मानूस हाय."

"बाई, ही बुक केलेली गाडी हाय, शेअरिंग नाई."

"जागा हाय ना रिकामी? मग?"

एकदा लोहाऱ्याच्या जंगलात एक म्हातारा दिसला, तर त्याच्यासकट त्याची बकरी आत घेतली. बकरी मागच्या सीटवर. बकरीने सीटवर काय केलं ते मी सांगत नाही, बकऱ्या जे करतात तेच केलं.

हे सगळं जात होतं खुशबूच्या नावावर.

परीक्षेचं केंद्र कळलं तेव्हा भांडं फुटलं. मूल रोडवर, जंगलाच्या पलीकडे, एका कॉलेजात. सकाळी तिकडे ऑटो जात नाही, परतीची सवारी मिळत नाही म्हणून. रस्ता पाहून यावा म्हणून खुशबूने गाडी मागवली. एका ड्रायव्हरने फेरी घेतली आणि सोडली. दुसऱ्याने घेतली, सोडली. तिसऱ्याचंही तेच. मग शेजारच्या रीताला बोलावलं. रीता मोबाइलच्या दुकानात काम करते, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची तिला आवड आहे. तिने फोन हातात घेतला, दोन ठिकाणी बोट मारलं आणि अशी काही शीळ घातली!

"अगा माय! काकू, हे पाहा. तीन पॉइंट एक."

"काय ते?"

"तुमचे मार्क. आपण कशे ड्रायव्हरले तारे देतो, तशे तेही आपल्याले देतात. पाचापैकी. साऱ्याइचे मिळून सरासरी निघते. गाडी घ्यायच्या आधी त्याइले हा आकडा दिसते. कमी दिसला का कोणी येत नाई."

"मले मार्क?" गिरजाबाई उभ्याच राहिल्या. "म्या जिंदगीभर लेकराइले काट्यावर चढवलं, अन् आता मलेच काट्यावर चढवून राह्यले?"

रीता खो खो हसली. खुशबू हसली नाही. रागावलीही नाही. "असू द्या आई," एवढं म्हणाली आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. पान काही उलटेना. शिव्या दिल्या असत्या तर गिरजाबाईंनी चार परत दिल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्या "असू द्या"वर काय करायचं?

रीताने जाताजाता युक्ती सांगितली, "दुसऱ्या नंबरवर नवीन खातं खोला ना, काकू."

"नाई. पोरीचं नाव म्या खराब केलं, म्याच धुवून देईन."

आणि मग गिरजाबाईंना ते गणित एकदम कळलं. अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यासारखंच तर आहे! लेकरू लाल रेघेखाली गेलं की एका दिवसात वर येत नाही. एकदाच पोटभर खीर घालून उपयोग नसतो. रोज थोडं थोडं खाऊ घालायचं, रोज काट्यावर ठेवायचं. जुनी आजारपणं मागे पडतात, नवं बाळसं दिसायला लागतं. तीन पॉइंट एक म्हणजे लेकरू हाडांवर आलेलं. पण जगवता येतं.

दुसऱ्या दिवसापासून गिरजाबाई गाडी मागवायच्या आधीच नेसून, भाकर खाऊन फाटकाशी उभ्या. फोनमधली खूण बरोबर फाटकावर आहे का, ते रीताकडून पाहून घेतलेलं. ड्रायव्हरला नमस्कार, नाव विचारणं, आणि मग तोंडाला कुलूप. दार असं लावायचं जसं पाळण्यातलं लेकरू झोपलंय. विहारात जा, गोल बाजारात जा, दवाखान्यात गुडघे दाखवून या. आणि कोणाला आत घ्यायचं नाही. बाजारातून येताना ओळखीची बुधरी भाजीची पाटी घेऊन उन्हात चालताना दिसली, तेव्हा गिरजाबाईंनी मान दुसरीकडे फिरवली. घरी आल्यावर जेवल्या नाहीत.

एका ड्रायव्हरला त्यांनी उतरताना पेरू दिला आणि म्हणाल्या, "तारे चांगले देजो बाबू." त्याने पेरू घेतला आणि तारे कमी दिले. तेव्हा मागणंही बंद केलं.

आकडा सरकला. तीन पॉइंट दोन. मग तीन पॉइंट चार. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तीन पॉइंट सहा.

"पास झाल्या का, काकू?" रीताने कुंपणावरून विचारलं.

"लाल रेघेच्या वर आलं," गिरजाबाई म्हणाल्या. पण त्यांना ठाऊक होतं, वर आलेलं लेकरू एका तापात पुन्हा खाली जातं.

परीक्षेच्या दिवशी उजाडता उजाडता दोघी फाटकाशी. गेट नऊला बंद होणार होतं. खुशबूने गाडी मागवली. एकाने घेतली. फोनवरची ती इवलीशी गाडी रस्त्याने सरकताना दोघींनी पाहिली, वळणावर आली, थांबली, आणि पुसली गेली. नकार. दुसरा तर घेतल्याबरोबर सोडून गेला. मग कोणीच नाही. फोनमध्ये नुसतं एक वर्तुळ गरगरत होतं. खुशबू ओठ चावत होती. गिरजाबाईंना वाटलं, आता ही माझ्याकडे बघेल. तिने बघितलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

मग एक नाव आलं. लालसू. गाडी आली. पांढरी, डाव्या बाजूला खरचटलेली. दोघी मागे बसल्या. गिरजाबाईंनी दार अलगद ओढलं. गाडी मूल रोडला लागली. ड्रायव्हर तिशीचा, भामरागडकडचा, अबोल. आरशातून एकदा बघितलं. पुन्हा बघितलं.

"बाई, तुमीच ना त्या बकरीवाल्या?"

गिरजाबाईंनी पदर सावरला. आता हा उतरवणार.

"फोनवर नाव खुशबू, अन् मले दोन दिवस सीट धुवा लागली. एकच तारा देल्लो होतो तुमाले."

"बाबू, चुकलं मायं. पन आज पोरीची परीक्षा हाय. मले उतरव पायजे तर, तिले पोचव."

"मंग तुमी आलेच कशे?" खुशबूने विचारलं.

"मायं कुठी लई चांगलं हाय?" लालसू म्हणाला. "मायेही तारे कमीच हायेत. ज्याले सवाऱ्या भेटत नाई, त्यानं ज्याले गाडी भेटत नाई त्याले न्यावं. अजून एक तक्रार आली का कंपनी मले बंद करते. म्हून बोललो नाई सुरूला."

"तुयी तक्रार कायची?"

लालसूने गिअर बदलला. लोहारा मागे पडलं, जंगल लागलं. रस्त्याच्या कडेला वाघाचं चित्र काढलेली पाटी गेली: पायी जाऊ नये. मोहफुलांचे दिवस. पहाटे झाडाखाली फुलं पडतात आणि बाया वाकून वेचत बसतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं तिकडचे लोक सांगतात. गिरजाबाईंच्या गावची एक बाई अशीच गेली होती. त्या सकाळी एक गाडी तिच्या जवळून गेली होती, थांबली नव्हती. गाडीत जागा होती की नव्हती, हे गावात अजून बोलतात.

आणि तेवढ्यात पुढे ती दिसली. एकटी बाई, डोक्यावर टोपली, डांबराच्या कडेकडेने.

गिरजाबाईंचा हात ड्रायव्हरच्या पाठीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी पदर तोंडात कोंबला. लालसूने गाडी हळू केली, आरशात बघितलं. पण तोही सवारीच्या तोंडून शब्द निघायची वाट बघत होता. एक शब्द निघाला असता तर थांबला असता. दोघांना एकमेकांच्या ताऱ्यांचं भय. गाडी त्या बाईच्या बाजूने गेली. पुढे गेली. गिरजाबाई मान वळवून मागच्या काचेतून बघत राहिल्या. बाई लहान होत चालली.

"थांबवा," खुशबू म्हणाली.

"पोरी, गेट बंद होईन!"

"आई, मी वनरक्षकाच्या परीक्षेले जाऊन राह्यली. जंगलात बाई सोडून?" तिने पुढे वाकून म्हटलं, "भाऊ, मांगं घ्या."

लालसूने सपकन गाडी मागे घेतली. एवढा खूश झाला होता की गिअर करकरला. मग आपणच बोलला, "मायी तक्रार हेच. मी थांबतो म्हून."

बाईचं नाव सोमारी. टोपली घेऊन आत बसेना. "मायी सासू मांगं हाय," म्हणाली.

"कुठी?"

"झाडाखाली. मंगली नाव हाय. चला म्हनलं तर म्हणते, एवढी वेचतो, मंग येतो."

लालसू हॉर्न दाबत राहिला. झाडीतून एक म्हातारी, खांद्यावर फडकं, बाहेर आली ती फुलांवरून एकेक पाय जपून टाकत. गिरजाबाईंनी काचेतून डोकं काढलं.

"अवो बाई, पाय उचला! पोरीची परीक्षा हाय!"

"कायची परीक्षा वं?" मंगलीबाईने तिथूनच विचारलं.

"गाडीत सांगतो! या!"

मंगलीबाई आल्या, त्याही येता येता आणखी ओंजळभर फुलं वेचूनच. दोघींना आत कोंबलं. खुशबू पुढच्या सीटवर गेली. गाडीत मोहफुलांचा असा वास भरला की नुसत्या वासाने झिंग यावी. लालसूने गाडी सोडली. सोमारी आणि तिची सासू आपल्या गावच्या फाट्यावर उतरल्या. मंगलीबाई उतरताना म्हणाल्या, "पास होजो माय," आणि मूठभर फुलं सीटवर ठेवून गेल्या. त्यातही काही सेकंद गेले.

कॉलेजचं फाटक दिसलं तेव्हा रस्ता मोटारसायकलींनी तुंबलेला. गाडी पुढे जाईना. फाटकाशी शिपाई कडी हातात घेऊन उभा, मनगटावरचं घड्याळ बघत.

"इथीच उतरा, पळा!" लालसू ओरडला.

खुशबूने फोन सासूच्या मांडीवर टाकला, प्रवेशपत्र दातात धरलं, उतरली आणि दार असं आपटलं की गाडीची काच हलली. आणि धावली. धावण्याच्या चाचणीसाठी दोन महिने पहाटे मैदानावर फेऱ्या मारलेल्या, त्याच कामी आल्या. मोटारसायकलींच्या मधून, कोणाच्या तरी पिशवीवरून उडी मारून. फाटक सरकायला लागलं. मग मध्ये गर्दी आली आणि गिरजाबाईंना ती दिसेनाशी झाली.

फाटक बंद झालं. बाहेर तीनचार पोरं राहिली. एक रडत होता, एक शिपायाशी भांडत होता. गिरजाबाई गुडघे विसरून तिथपर्यंत गेल्या. एकेक चेहरा पाहिला. एका मुलीने खुशबूसारखाच कुडता घातला होता. मुलगी वळली. दुसरीच होती. त्यांनी पुन्हा पाहिलं, फाटकाच्या सळ्यांतून आत पाहिलं. आत दूर पायऱ्यांवर एक पोरगी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होती. प्रवेशपत्र अजून दातातच.

परत येऊन गिरजाबाई गाडीला टेकल्या. हातातल्या फोनवर तारे उगवले होते: ड्रायव्हरला किती देता?

"पाच दाबू ना?"

"दाबा."

दाबले. "अन् तू मले किती देतो गा?"

लालसूने आपल्या फोनवर बोट टेकवलं आणि विचार केल्यासारखं केलं. "चार."

"काऊन? आज तं बकरी नाई!"

"बकरी नाई. पन दार लई जोरात आपटलं."

"म्या नाई आपटलं!" गिरजाबाई उसळल्या. "तुले दिसलं ना, कोनं आपटलं ते!"

"सून तुमचीच ना?"

गिरजाबाईंनी फाटकाकडे पाहिलं. मग सीटवरची मोहफुलं एकेक करून पदरात गोळा करायला लागल्या.

"मायीच हाय," त्या म्हणाल्या. "काप मंग एक."