पाचव्या मजल्यावरची खिडकी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये, एवढंच. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला.

बेसिंगस्टोकला ऑफिस आहे माझं. नवे फ्लॅट उन्हाळ्यात किती तापतील हे बांधण्याआधी कॉम्प्युटरवर तपासायचं, हे माझं काम. या थंड देशातलेही उन्हाळे आता भाजून काढतात, म्हणून कौन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तसा रिपोर्ट लागतो. असं का झालं, ते इथल्या मराठी मंडळात मुलांना मीच तर समजावते — कोळसा, पेट्रोल, आपली दरवर्षी मायदेशी जायची विमानं, हवेत साठलेला वायू, अडकून राहिलेली उष्णता. अगदी तावातावाने! टाळ्याही पडतात.

तर — एक बिल्डिंग होती. वरून कुणी पडू नये म्हणून खिडक्यांच्या चौकटीत आतून अडसर बसवलेला. खिडकी चार बोटं उघडायची, बस्स. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये तसं घातलं की फ्लॅट फार तापायचा, नापास. मग ऊन अडवायला बाहेरून शटर लावा, ड्रॉइंग बदला, बिल्डरची कटकट ऐका... शुक्रवार होता. मी मॉडेलमध्ये खिडकी पूर्ण उघडते असं धरलं. एक आकडा बदलला आणि फ्लॅट पास. कुणी सांगितलं होतं का मला? छे! घरी जायची घाई माझीच होती.

आणि नेमके तिथेच, लांबचं, पिनर गावातलं घर विकून, शरदकाका आणि काकू राहायला आले. आमच्या ओळखीतले सगळ्यात जुने लोक. पाचवा मजला. "तू तपासलेली बिल्डिंग म्हणजे बघायलाच नको," काका म्हणाले. मी हसले. तेव्हा तरी बोलायचं ना?

मग तो जुलै आला. काका मूळचे नागपूरचे. फोनवर मलाच चिडवत होते, "हे कसलं ऊन गं? आमच्याकडे चल एकदा, मग कळेल!" पण नागपूरला त्यांच्याकडे कूलर होता. इथे नुसती काच. मी म्हटलं, "पडदे ओढून घ्या काका, पाणी पीत राहा." आमच्याकडे राहायला या, असं नाही म्हटलं. का, म्हणून विचारलं असतं तर?

तिसऱ्या दिवशी दुपारी काका खुर्चीतच गेले.

डॉक्टर म्हणाले, हीट. मंडळातले म्हणाले, क्लायमेट चेंज, दुसरं काय! मीही मान डोलावली. खोटं नव्हतंच ना ते? पृथ्वी तापलीच आहे. तिच्या आड मला छान लपता आलं. शिसारी येते हो स्वतःची.

काल काकूंकडे गेले होते. त्यांनी पोहे केले, बळेच दुसऱ्यांदा वाढले. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "हे सारखे म्हणत होते, उघड गं, जरा उघड. मी केवढी ढकलली! पण माझ्या हातात जोरच नाही राहिला बघ. दुसरी कुणी असती तर उघडली असती."

मी त्यांचे हात हातात घेतले.

"असू द्या, काकू," मी म्हटलं, "वय झालं की होतंच असं."