थंड ब्रेक

त्या मेकॅनिकबद्दल मी इतकी वर्षं कुठे बोललो नाही, कारण त्याला शिव्या घालायच्या तर त्यातल्या अर्ध्या मलाच लागतात.

अकोल्यात त्याचं गॅरेज होतं. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, बोलणं डॉक्टरचं आणि अंगात आळस. माझ्या पिकअपचे मागचे ब्रेक तापायला लागले, तेव्हा त्याने चाकातल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी शिंपडलं. चर्र वाजलं.

"चाक कायले उघडता, सेठ? आत्ता थंड करून देतो." गाडीखाली शिरून त्याने पेचकस फिरवला, झालं.

मी गावभर त्याची वाहवा केली. मग भरल्या गाडीने अमरावतीला पोचलो आणि ड्रमला हात लावला, तर सावलीतल्या दगडासारखा गार. त्या दिवट्याने मागचे ब्रेक इतके ढिले केले होते, की ते लागतच नव्हते. मी दुसरीकडे गुपचूप दुरुस्त करून घेतले. माझ्या शब्दावर झेंडूवाला शेजारी आपली गाडी ब्रेकसाठी त्याच्याकडे घेऊन निघाला, तेव्हा मात्र फजितीच्या भीतीने गप्प बसलो.

शेजाऱ्याची गाडी उतारावर थांबली नाही. त्याचा पाय गेला.

मेकॅनिक दवाखान्यात आला आणि खर्रा चघळत त्यालाच म्हणाला, "ब्रेक उशिरा दाबला तुमी, सेठ." मी खाटेशीच उभा होतो.

आजही शेजारी कुबडी टेकत माझ्या ओट्यावर येतो. "माहीच चूक, काकाजी. तुमी तं चांगला मानूस सांगतला होता."

मी तोंड उघडतो आणि चहा घेणार का, विचारतो.